पाटाचं पाणी: आमच्या वाडीतल्या कामाच्या नोंदी

माणगाव खोरं, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग

६ ऑक्टोबर २०२४

भातकापणीला अजून दहा-बारा दिवस आहेत. तेवढ्यात खनिज तेलाचा हिशोब पुरा करायचा म्हणून आज उरलेली चार घरं केली. वाडीत २३ घरं. प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला: वर्षभरात तेल कुठल्या कुठल्या वाटेनं तुमच्या दारात येतं?

वहीत आलेलं असं. पाण्याची डिझेल इंजिनं ९. डिसेंबर ते एप्रिल एकेक इंजिन साठेक वेळा सुरू होतं, एका वेळी अडीच तास, तासाला लिटरभर. म्हणजे १,३५० लिटर. पॉवर टिलर ३, चिखलणीला मिळून २३० लिटर. गॅस सिलिंडर १७०. दुचाक्या २६, त्यांना महिन्याला ३०० लिटरच्या वर पेट्रोल. युरियाच्या गोण्या ४०. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, म्हणून तोही याच खात्यात धरला. शिवाय घाटावरून येणारी भाजी. कोल्हापूर आणि बेळगावकडून टेम्पो उतरतात, त्यातला टोमॅटो, कोबी, वांगी, मिरची सगळं डिझेलवरच इथपर्यंत पोचतं.

सगळ्यात मोठा आकडा पेट्रोलचा आहे. त्याला हात घालायचा मार्ग आज माझ्याकडे नाही. पोरं रोज कुडाळला कामाला जातात, एसटी त्यांच्या वेळेला नाही. डिझेलमधला मोठा आकडा पाण्याच्या इंजिनांचा. तिथून सुरुवात.

हे सगळं मनात घोळतंय ते मे २०२१पासून. तौक्ते वादळानंतर वाडीत दहा दिवस वीज नव्हती. पहिल्या दोन दिवसांत मोबाईलच्या मनोऱ्याच्या जनरेटरमधलं डिझेल संपलं आणि फोन गेले. रस्त्यावर झाडं, त्यामुळे टेम्पो नाही, दूध नाही, पिठाची गिरण बंद. मी तेव्हा पुण्याहून नुकतीच परत आले होते. पंधरा वर्षं इमारतींच्या बांधकामावर काम केलेली स्थापत्य अभियंता, आणि विहिरीतून पाणी वर काढायला घरात धड एक दोर नव्हता. शेजारच्या वयनीनं आपला दोर दिला. त्या दहा दिवसांत ज्या घरांत जुन्या वस्तू शिल्लक होत्या त्यांनी इतरांना सांभाळून घेतलं. पुढच्या खेपेला अडचण वाऱ्यानं येईल की तेलाच्या भावानं, हे मला सांगता येत नाही. ती येणार हे मी धरून चालते.

२० ऑक्टोबर २०२४

कापणी सुरू, परतीचा पाऊस मधेच गाठतोय. रात्री देवळात बसलो. चौदा माणसं आली, त्यात बायका पाच.

एका लिटर डिझेलचा हिशोब फळ्यावर मांडला. लिटरभर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. आपलं इंजिन त्यातला पाव भागच कामाला लावतं, म्हणजे अडीच युनिट. धडधाकट माणूस आठ तास नेटानं राबला तर त्याच्या अंगातून जेमतेम ०.६ युनिट काम निघतं. म्हणजे नव्वद रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या एका लिटरात चार माणसांची दिवसभराची ताकद आहे. सगळे गप्प झाले. मग एकजण म्हणाला की असं असेल तर डिझेल स्वस्तच आहे की. बरोबर आहे त्याचं. स्वस्त आहे म्हणूनच आपण ते कशालाही वापरतो, आणि म्हणूनच ते नसलं तर काय होईल याचा विचार कोणी करत नाही.

आपल्या समोरच्या समुद्रातल्या तेलाचं उदाहरण दिलं. फेब्रुवारी १९७४मध्ये ‘सागर सम्राट’नं मुंबई हायला तेल शोधलं, १९७६मध्ये उत्पादन सुरू झालं, १९८९च्या सुमारास ते शिखरावर होतं आणि पुढे उतरत गेलं. आज देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं. त्यावर आबांनी १९७३-७४च्या रॉकेलची आठवण सांगितली. आबा एक्क्याऐंशीचे. ऑक्टोबर १९७३मध्ये तीन डॉलरच्या आसपास असलेलं कच्च्या तेलाचं पिंप जानेवारीपर्यंत चौपट झालं होतं, हे मला आकड्यांतून माहीत. आबांना ते रेशनच्या रांगेतून माहीत. दिव्याला घरात करंजेल आणि उंडीचं तेल होतं, म्हणून निभावलं, असं ते म्हणाले. देवळामागची उंडी अजून उभी आहे, फळं मात्र आता कोणी गोळा करत नाही.

एका पोरानं मोगली एरंडाचं बायोडिझेल सुचवलं. २००३मध्ये देशानं त्यावर मोठी मोहीम उघडली होती, डिझेलमध्ये २० टक्के मिसळायचं ठरलं होतं, आणि ते जमलं नाही. पडीक जमिनीत बिनपाण्याचं जे बी मिळेल असं धरलं होतं, ते मिळालं नाही. इंजिन तसंच ठेवून त्यात घालायला दुसरं काहीतरी शोधायचं, या वाटेवर माझा भरवसा नाही. आधी इंजिनाचं काम कमी करायचं.

निघताना आबा म्हणाले, “पाण्याक खाली येवक इंजिन कित्याक व्हया? पाट खय गेलो तुमचो?”

१० नोव्हेंबर २०२४

आबांबरोबर पाट चालून आले. सकाळी आठला निघालो, दुपारचा एक वाजला. आबा काठी टेकत पुढे, मी कोयता घेऊन मागे.

व्हाळ, म्हणजे आमचा ओढा, जिथे डोंगराची कड सोडतो तिथे एक खडकाचं मूठभर अरुंद तोंड आहे. तिथे दरवर्षी कार्तिकात बांध घालून पाणी पाटात वळवायचे. तिथून पाट डोंगराच्या कडेकडेनं, जवळजवळ समपातळी धरून, देवळाच्या वरच्या कुणग्यापर्यंत (भाताच्या खाचरापर्यंत) येतो. मी मोजला तो १,४०० मीटर. बहुतेक ठिकाणी अजून आहे. पालापाचोळ्याखाली, करवंदीच्या जाळ्यांखाली, पण आहे. एके ठिकाणी ४० मीटर काजूच्या बागेत नांगरला गेलाय. दुसऱ्या ठिकाणी रस्त्यानं कापलाय, तिथे मोरी घातलेली नाही.

पाट बंद कधी पडला, हे मी विचारलं. पहिलं इंजिन वाडीत आलं त्यानंतर सात-आठ वर्षांनी, असं आबांचं म्हणणं. ज्याच्याकडे इंजिन आलं तो पाट साफ करायला यायचा थांबला, कारण त्याला पाण्याच्या पाळीची गरज उरली नाही. एक घर कमी झालं की उरलेल्यांवर काम वाढतं. मग दुसऱ्यानं इंजिन घेतलं. पाट पाणी आटलं म्हणून बंद पडला नव्हता.

आबा हे सांगत होते तेव्हा मी पाटाच्या काठावर बसले होते. खाली नऊ इंजिनांचे नऊ पाईप व्हाळात उतरलेले दिसत होते. तेच पाणी खाली वाहून जाऊ द्यायचं आणि डिझेल जाळून पुन्हा वर आणायचं.

१७ नोव्हेंबर २०२४

पातळी काढली. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी, त्यात पाणी, दोन टोकांना दोघं. मेस्त्री आणि त्यांचा मुलगा दोन दिवस आले, पैसे घेतले नाहीत. दर दहा मीटरला दोन सेंटिमीटर उतार हवा, त्याहून जास्त झाला तर माती वाहून जाते आणि कमी झाला तर गाळ बसतो. पूर्ण लांबीला २.८ मीटर लागतात. प्रत्यक्षात तोंड आणि देऊळ यांत सहा मीटरचा फरक निघाला. जादा उतार जुन्या लोकांनी तीन ठिकाणी चिऱ्यांच्या पायऱ्या घालून मोडलाय. नळी, लेव्हल, कागद काही हाताशी नसताना त्यांनी हे बसवलं. पाटात पाणी सोडत सोडत, पाण्यालाच विचारत पुढे खणत गेले असणार.

काजूच्या बागेचे मालक मुंबईला. फोनवर बोलले, हरकत नाही म्हणाले, फक्त झाडाच्या मुळाला धक्का नको. रस्त्याखालून पाईप घालायची परवानगी मागितली आहे.

२८ नोव्हेंबर ते २ डिसेंबर २०२४

बांध घातला. पाच दिवस.

पहिल्या दिवशी मानकऱ्यांनी व्हाळाला नारळ दिला आणि गाऱ्हाणं घातलं. बारा-पाचांचं नाव घेऊन, पाट पुन्हा चालू करतोय, कोणाचं काही चुकलं असेल तर सांभाळून घे, म्हणून. सगळ्यांनी “व्हय म्हाराजा” म्हटलं. शहरातून आल्यापासून मला गाऱ्हाण्याच्या वेळी नेमकं काय करावं ते कळत नसे. या वेळी माझ्याही तोंडून ते आपसूक निघालं.

मी सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत वाळू भरून वनराई बंधारा करायचं ठरवलं होतं. आबांचं म्हणणं खुंटे, फांद्या, दगड आणि माती-पेंढा. शेवटी दोन्ही केलं: पुढच्या बाजूला १८० पोती, मागे खुंटे आणि दगड, मधल्या फटींत चिकणमाती पेंढ्यात कालवून पायानं दाबली. पेंढ्याची मात्रा किती ते आबा मुठीत घेऊन सांगत होते, वहीत लिहिता येईल असं माप सापडलं नाही.

रस्त्याचा पाईप अजून नाही. परवानगी आली नाही. तात्पुरतं रस्त्याकडेच्या गटारातून ३० मीटर पाणी फिरवून जुन्या मोरीतून पार केलं. चढउतार जेमतेम जुळला.

२ तारखेला संध्याकाळी पाचला तोंड उघडलं. देवळाशी पाणी पोचायला रात्रीचे सव्वा दोन वाजले. कोरडी माती पिऊन घेत होती. बॅटऱ्या घेऊन पोरं पाण्याच्या पुढच्या टोकाबरोबर चालत होती, एक पाऊल, थांबायचं, पुन्हा एक पाऊल. बायकांनी देवळात पेज ठेवली होती.

६ डिसेंबर २०२४

तोंडाशी २०० लिटरचं पिंप १८ सेकंदांत भरतं, देवळाशी ५० सेकंदांत. म्हणजे सेकंदाला ११ लिटर आत येतं आणि ४ बाहेर पडतं. दोन तृतीयांश वाटेत जिरतं.

९ डिसेंबर २०२४

गळतीचं कारण खेकडे. बांधाच्या कडेला आडवी बिळं करतात आणि पाणी खालच्या डोंगरात निघून जातं. वरून काही दिसत नाही, खाली वीस पावलांवर ओल दिसते. एका दिवसात ३१ बिळं सापडली. बिळात नुसती माती कोंबली तर दोन दिवसांत पुन्हा उघडतात. आधी बारीक खडी, मग चिकणमाती, मग वरून शेणकाला. पोरांनी कुर्ल्या घरी नेल्या, दोन दिवस वाडीत सार होतं.

१५ डिसेंबर: पिंप २९ सेकंदांत. सेकंदाला ७ लिटरच्या जवळ. पाटात गाळ बसत जाईल तशी गळती अजून कमी होईल.

२२ डिसेंबर २०२४

पाळीचं भांडण झालं. ते नीट लिहून ठेवते, कारण पाटाचं सगळं काम एकीकडे आणि हे एकीकडे.

पाटाखाली ११ एकर, वाटेकरी १७. ठरलं होतं एकरी १७ तास. म्हणजे एक फेरी १८७ तासांची, ७ दिवस १९ तास. ही रीत आबांनी सांगितली तेव्हा मला वाटलं की सरळ आठ दिवसांची फेरी करावी, लक्षात ठेवायला सोपी. मग कागदावर मांडून पाहिलं. आठ दिवसांची फेरी केली तर ज्याची पाळी रात्री दोनला येते त्याची कायम रात्री दोनलाच येणार. १८७ तासांच्या फेरीत प्रत्येकाची वेळ दर वेळी पाच तास अलीकडे सरकते. रात्र सगळ्यांच्या वाट्याला येते, दिवसही येतो. पाट घालणाऱ्यांनी हा विचार केव्हाच करून ठेवला होता.

शेवटच्या टोकाला काकींचा अर्ध्या एकराचा मळा. एकट्या राहतात, वय सत्तरीपुढे. त्यांची पाळी परवा मध्यरात्रीनंतर होती. वरच्या अंगाला कोणीतरी आपल्या शेताकडचं पाटाचं तोंड उघडून ठेवलं आणि झोपून गेला. काकी कंदील घेऊन पहाटेपर्यंत बांधावर बसून होत्या. पाणी आलं नाही.

काल देवळात सगळे जमले. ज्याच्याकडून झालं त्यानं कबूल केलं आणि म्हणाला, उद्या माझं इंजिन लावून काकींचा मळा भिजवून देतो, डिझेल माझं. बऱ्याच जणांना ते पटलं. मलाही आधी पटलं. काकी म्हणाल्या, “पाणी माका नको. माजी पाळी माका व्हयी.”

बराच वेळ कोणी बोललं नाही. डिझेलनं भरपाई घेतली असती तर पुढच्या वेळी ज्याच्याकडे डिझेल आहे त्यानं पाळी मोडायची मुभा झाली असती. काकींनी ते माझ्या आधी ओळखलं. शेवटी ठरलं ते असं: पाळी मोडणाऱ्यानं पुढच्या फेरीत आपल्या तासांतून तितकं पाणी सोडायचं आणि एक दिवस एकट्यानं पाट साफ करायचा. पैसा किंवा डिझेल घ्यायचं नाही. आणि रात्रीची पाळी ज्या एकट्या माणसाची असेल, त्याच्याबरोबर पाटाची राखण करणारा पाटकरी जागेल. पाटकरी म्हणून मेस्त्रींचा मुलगा. त्याला प्रत्येक वाटेकऱ्यानं एकरी एक मण भात द्यायचं.

१४ जानेवारी २०२५

संक्रांत. नऊपैकी सहा इंजिनं महिनाभर सुरू झालेली नाहीत. उरलेली तीन पाटाच्या वरच्या अंगाला आहेत, त्यांना उपाय नाही. सरकारी योजनेतून सौर पंपासाठी अर्ज करता येतो, सर्वसाधारण गटातल्या शेतकऱ्याला १० टक्के भरावे लागतात. दोघांनी भरायचं ठरवलंय.

वायंगणीचा, म्हणजे उन्हाळी भाताचा, तरवा (रोपं) टाकला, तीन कुणग्यांत. बारा वर्षांनी.

९ फेब्रुवारी २०२५

गोबरगॅसची पाहणी. वाडीत दीनबंधू पद्धतीची दोन घनमीटरची पाच संयंत्रं आहेत, चालू दोनच. कागदावर दोन घनमीटरला रोज ५० किलो शेण लागतं. आमच्या गावठी गाई लहान चणीच्या, दिवसभर चरायला बाहेर. गोठ्यात हाती लागतं ते तीन गाईंमागे २५ ते ३० किलो. त्यातून गॅस निघतो घनमीटरभर, म्हणजे रोज साडेचारशे ग्रॅम एलपीजीच्या बदली. महिन्याला एक सिलिंडर वाचतो. संयंत्र बांधून देताना ‘तुमचा गॅस कायमचा सुटला’ असं सांगितलं गेलं होतं, घरातल्यांनी तसं धरलं आणि निम्माच गॅस मिळाल्यावर सोडून दिलं. खरा आकडा आधी सांगितला असता तर कोणी सोडलं नसतं, कारण महिन्याला एक सिलिंडर हीसुद्धा मोठी गोष्ट आहे, आणि स्लरी, म्हणजे संयंत्रातून बाहेर पडणारा शेणकाला, मिळते ती वेगळी.

बंद तिन्हींपैकी दोन्हींचं दुखणं साधंच होतं. पाईपला मधे झोळ पडला होता, त्यात वाफेचं पाणी साठून ज्योत फडफडायची आणि विझायची. पाईप उतारावर बांधला, सगळ्यात खालच्या जागी टी-जोड बसवून पाणी काढायला तोटी ठेवली. खर्च ३४० रुपये. तिसऱ्याच्या घुमटाला तडा आहे, ते पावसाळ्यानंतर.

स्लरी पाटाच्या पाण्यात सोडून कुणग्यात न्यायची कल्पना वयनीची. मिरचीला दोन फेऱ्या दिली. युरिया दिलेल्या वाफ्याशी ताडून पाहायला एक वाफा तसाच ठेवलाय.

१६ मार्च २०२५

शिमग्याला मुंबईकर आलेत, म्हणून आजच बैठक घेतली. आजवर इतकी माणसं कधी आली नव्हती.

प्रश्न ठेवला: उद्या सगळ्या वाडीला मिळून महिन्याला १०० लिटरच डिझेल-पेट्रोल मिळालं, तर ते कशाला वापरायचं? क्यूबाचं सांगितलं. १९९१नंतर सोव्हिएत तेल बंद झालं, ट्रॅक्टर उभे राहिले, चीनमधून दहा लाखांहून जास्त सायकली आणल्या, बैल पुन्हा जुंपायला शिकवले. ते त्यांना अचानक करावं लागलं. आपण निवांत असताना नुसतं ठरवून ठेवू.

वयनी म्हणाली, “पयलो लिटर बाळंतिणीक.” आजारी माणसाला कुडाळपर्यंत न्यायला एक गाडी कायम भरलेली हवी, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. दुसरं, वीज गेली तर पिण्याच्या पाण्याचा पंप. तिसरं चिखलणी. तिथे बोलणं लांबलं.

बैलांची बाजू घेणारे बरेच होते, त्यात मुंबईकर जास्त. वाडीत एकेकाळी १४ जोतं होती, आता दोन. माझं मत मी स्पष्ट सांगितलं. बैलजोडी वर्षभर खाते आणि आमच्याकडे तिला काम वीस-पंचवीस दिवसांचं. घरटी जोत हा जुना थाट परवडणार नाही, आणि जे घरी राहून वैरण कापणार नाहीत त्यांनी तो इतरांवर लादू नये. २३० लिटरांत सगळ्या वाडीची चिखलणी होते, हा डिझेलचा चांगला वापर आहे. उरलेलं तेल अशाच कामाला ठेवायचं. मात्र दोन जोतं मोडू द्यायची नाहीत. ती ज्यांच्याकडे आहेत त्यांना वैरण सगळ्यांनी द्यायची आणि चिखलणीत त्यांचं काम धरायचं. टिलर बिघडला, डिझेल आलं नाही, तर जोत हाकता येणारा माणूस आणि वळलेले बैल गावात असले पाहिजेत. दोन्ही गोष्टी वर्ष-दोन वर्षांत तयार होत नाहीत.

यादीच्या तळाशी काय, यावर पोरं बोलली. लग्नातल्या आवाजाच्या भिंतींचा जनरेटर त्यांनीच खाली टाकला. कुडाळच्या रोजच्या फेऱ्यांचं मात्र सुटलं नाही. एक पोरगा म्हणाला, यादीत माझी नोकरी सातव्या नंबरवर आली. तो दुखावला होता. त्याचं घर त्या नोकरीवर चालतं. दोघांनी एका दुचाकीवर जायचं, कामाच्या वेळा जुळवायच्या, एवढंच आज ठरलं. हा प्रश्न माझ्या वहीत उघडाच आहे.

८ एप्रिल २०२५

आजपासून सिलिंडर ५० रुपयांनी महाग. गोबरगॅसबद्दल सकाळपासून तीन घरांनी विचारलं.

व्हाळ आटत आलाय. देवळाशी पिंप भरायला सव्वा मिनिट. वायंगणीचं भात पोटरीत आहे, दोन इंजिनं पुन्हा लावावी लागली.

२ मे २०२५

हंगामाचा हिशोब. डिझेल ४१० लिटर, गेल्या वर्षी १,३५०. वाचलं ९४० लिटर, ९१ रुपयांनी ८५,५४० रुपये. बांध, पाटाची सफाई, दुरुस्ती यांना माणसांचे १६४ दिवस लागले. म्हणजे एका माणसाच्या दिवसामागे ५२० रुपये. इथली मजुरी तितकीच आहे. तेव्हा आजच्या भावात पाट फायद्याचाही नाही आणि तोट्याचाही नाही. जे लोक पाट म्हणजे फुकटचं पाणी असं सांगतात, त्यांना हा आकडा दाखवायचा. डिझेल दीडशेला गेलं तर हाच दिवस साडेआठशेचा होतो, आणि डिझेल मिळालंच नाही तर त्याला मोल लावता येणार नाही.

मिरचीच्या स्लरीच्या वाफ्यात फळ युरियाच्या वाफ्याइतकंच, पण पंधरा दिवस उशिरा.

२७ मे २०२५

सगळं भिजलं. २० तारखेपासून पाऊस थांबलेला नाही. मोसमी वारे २४ला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी देवगडला. मिरग (मृग नक्षत्र) यायला पंधरवडा असताना हे.

बांध आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात फोडणार होतो. २१च्या रात्री व्हाळ चढला आणि बांधावरून न जाता पाटात घुसला. दोन ठिकाणी गडगा (दगडी बांध) कोसळला, भुईमुगाच्या पाऊण एकरात गुडघाभर गाळ. भुईमूग अजून उपटायचा होता. ते शेत ज्यांचं, त्यांनी हंगामभर सगळ्यात जास्त दिवस काम केलं होतं. सोळा जणांनी दोन दिवस गाळ उपसला, शेंगा चिखलातून वेचून मांगरात (शेतावरच्या खोपटात) पसरल्या. निम्म्या वाचल्या.

चूक माझी. पाटाच्या तोंडाला दार हवं होतं. चिऱ्याच्या दोन खांबांत खाच ठेवून फळ्या सोडायच्या, एवढं साधं काम मी पुढच्या वर्षावर टाकलं, कारण पाऊस जूनमध्येच येतो असं धरलं होतं.

वालय आणि सोरटी या गावठी भातांचं बियाणं घरोघर उन्हात घातलेलं होतं. काकींचं वाचलं. त्यांचं चुलीवरच्या माळ्यावर होतं, धुरात.

२५ जून २०२५

लावणी. टिलरला लागणारं डिझेल २० तारखेलाच भरून ठेवलं होतं. इस्रायल-इराणचं युद्ध १३ला सुरू झालं. २२ला इराणच्या संसदेनं होर्मुझची सामुद्रधुनी बंद करायला संमती दिल्याची बातमी आली आणि वाडीत दिवसभर फोन वाजत होते. आपल्याला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतो, आणि त्यातला बहुतेक त्याच चिंचोळ्या वाटेनं. काल युद्धविराम झाला. भावात इथे काही फरक पडला नाही.

त्या दोन दिवसांत आबांच्या नातवानं जोत धरायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी नांगराचे तास वाकडेतिकडे. बैल त्याच्याहून शहाणे, वळणावर आपोआप थांबायचे.

२८ ऑगस्ट २०२५

काल चतुर्थी. सात घरांत गणपतीच्या पाच भाज्या पूर्ण वाडीतल्याच: पडवळ, दोडकी, भेंडी, काकडी, अळू. घाटावरच्या टेम्पोतून फक्त बटाटा, कांदा आणि टोमॅटो घेतला. मुंबईकरांनी फळीच्या दारासाठी वर्गणी दिली.

१९ नोव्हेंबर २०२५

दिवाळी उलटली तरी पाऊस होता, कापणी लांबली, त्यामुळे बांधाला उशीर. तोंडाचं दार मात्र तयार आहे. चार फळ्या, जुन्या फणसाच्या. रस्त्याखालचा पाईप गेल्या महिन्यात बसला.

२३ नोव्हेंबर २०२५

बांध दोन दिवसांत उभा राहिला. गेल्या वर्षी पाच लागले होते. ३४ माणसं होती, त्यांत ज्यांची जमीन पाटाखाली येत नाही अशी तीन घरंही. आबा या वेळी आले नाहीत, गुडघा सुजलाय. पेंढा-मातीची मूठ त्यांच्या नातवानं वळून पाहिली, दोनदा मोडली, तिसऱ्यांदा म्हणाला, हां, अशी.

एका वाटेकऱ्यानं आपलं इंजिन विकायला काढलंय. मी त्याला थांबवलं. तेल घालून, झाकून मांगरात ठेव म्हटलं, एप्रिलला व्हाळ आटतो तेव्हा वाडीला ते लागेल.

दुपारी तोंड उघडलं. पाणी देवळाशी संध्याकाळी सातच्या आत पोचलं. पाळीचा फळा देवळाच्या खांबाला लावलाय, या वर्षी पहिली पाळी शेवटच्या टोकापासून. फळ्यापाशी काकी आणि वरच्या अंगाचे ते गृहस्थ उभे होते. बोट लावून तास मोजत काकी त्यांना सांगत होत्या, “आज माजा पाणी. तुजा फाल्या सांजचा.”